शेणोलीचा पट

रे रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून दारूखान्याकडे चालू लागलं की मधेच कुठेतरी डांबरातून रूळ वर येतात. थोडा वेळ पायांसोबत चालतात, एखाद्या गोदामाच्या बंद फाटकाकडे वळतात आणि पुन्हा रस्त्याखाली जातात. आजूबाजूला मोडलेल्या जहाजांचे पत्रे, साखळदंड, जाडजूड नळ्या. कुठेतरी गॅस कटर चालू असतो आणि जळक्या लोखंडाचा वास नाकात बसतो. या रुळांकडे इथे कोणी बघत नाही. हातगाडीचं चाक अडकलं तर एक शिवी मिळते, तेवढीच त्यांची दखल.

हे रूळ पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या रेल्वेचे. १९१५ साली ती सुरू झाली. माणसांची वाहतूक फार थोडी. विलायतेहून बोटीने आलेले साहेबलोक बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनात उतरून फ्रंटियर मेलने थेट पेशावरच्या दिशेने निघत, तेवढीच काय ती ऐट. बाकी सगळा कापूस, धान्य, कोळसा, लाकूड. गोदीतून निघालेला डबा वडाळ्याला जाऊन मोठ्या रेल्वेला मिळायचा आणि मग हिंदुस्थानात कुठेही पोचायचा.

आपलं हार्बरचं रे रोड स्टेशन याहून पाच वर्षांनी थोरलं. १९१० साली कुर्ल्याहून निघालेली लाइन इथे येऊन संपली, आणि पुढची पंधरा वर्षं इथेच संपत राहिली. १९२५ साली ती उचलून, कमानींवरून बोरीबंदरापर्यंत नेली. म्हणजे आज ज्या स्टेशनावर गाडी जेमतेम दम घेण्यापुरती थांबते, ते एके काळी शेवटचं स्टेशन होतं. मला शेवटच्या स्टेशनांबद्दल उगाच ओढ आहे. तिथे इंजिनाला पुढून मागे आणावं लागतं, माणसांना उतरावंच लागतं, कुणाला डुलकी लागून पुढे जाता येत नाही. ब्रिटानियाचा कारखाना चालू होता तेव्हा डोळे मिटलेला प्रवासीसुद्धा वासावरून ओळखायचा की रे रोड आलं. आता वास गेला आणि जुन्या पुलाच्या जागी तारांवर तोललेला नवा पूल आला. त्याचे फोटो बरे येतात म्हणे.

माझा एक मित्र घोडपदेवला राहतो. आयुष्य गोदीत हिशेब लिहिण्यात गेलं. गाव कराडकडचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर मॉर्निंग वॉकला जातात. याने पटावरच्या लढाया सुरू केल्या. म्हणजे लहानपणीच्या ‘व्यापार’सारखा एक पट, पण त्यावर पेठा आणि हॉटेलं नाहीत, षट्कोनांत कापलेला नकाशा, पुठ्ठ्याच्या चिमुकल्या सोंगट्या, त्यांवर आकडे, फासे आणि वकिलाच्या दफ्तरात शोभेल असं नियमांचं चोपडं. अमेरिकेतल्या भाच्याने पहिला खेळ आणून दिला आणि हे वेड लागलं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की खाली सतरंजी, वर पट, आणि खिडकीबाहेर दर थोड्या वेळाने पनवेल नाहीतर वाशी.

त्या दिवशी त्याने मांडलेला खेळ आगगाडीच्या पळवापळवीचा होता. पट लांबट, एकाच रेषेचा. एका टोकाला अटलांटा, दुसऱ्या टोकाला चॅटनूगा, मधे स्टेशनं, नद्यांवरचे पूल, साइडिंगा. गोष्ट खरी आहे, १२ एप्रिल १८६२ ची. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं. उत्तरेच्या बाजूचा जेम्स अँड्र्यूज नावाचा एक हेर, साध्या कपड्यांतले वीसेक सैनिक घेऊन दक्षिणेच्या मुलखात शिरला, तिकिटं काढून रीतसर गाडीत बसला. बिग शँटी नावाच्या स्टेशनावर गाडी नाश्त्याला थांबली. ड्रायव्हर, गार्ड, प्रवासी हॉटेलात गेले. अँड्र्यूजच्या माणसांनी मागचे डबे सोडले आणि ‘जनरल’ नावाचं इंजिन तीन मालडब्यांसह पळवलं. बेत असा, की वाटेत तारा तोडायच्या, रूळ उखडायचे, पूल जाळायचे. म्हणजे चॅटनूगाला दक्षिणेची कुमक पोचणार नाही.

या गोष्टीतला माझा आवडता माणूस अँड्र्यूज नाही. तो विल्यम फुलर, त्या गाडीचा गार्ड. आपली गाडी डोळ्यांदेखत निघाली हे पाहिल्यावर हा गृहस्थ बशी बाजूला सारून रुळांवरून पळत सुटला. इंजिनामागे माणूस, पायी! लोक हसले असणारच. पुढे त्याला गँगवाल्यांची ढकलगाडी मिळाली, मग एक इंजिन, मग दुसरं, मग ‘टेक्सास’ नावाचं तिसरं. ते उलट्या तोंडाचं होतं आणि वळवायला जागा नव्हती. त्याने ते तसंच उलटं हाकलं. पळणाऱ्यांनी वाटेत रूळ काढला, डबे सोडले, स्लीपर टाकले. हा ते बाजूला करत आला. सुमारे ८७ मैलांनंतर रिंगगोल्डच्या पुढे ‘जनरल’ची वाफ संपली. सगळे रानात पळाले, सगळे सापडले. अँड्र्यूजसह आठ जण फाशी गेले. पुढच्या वर्षी अमेरिकन सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक पहिल्यांदा दिलं गेलं, ते याच टोळीतल्या जेकब पॅरटला.

बेत फसला तो पावसाने आणि एका दिवसाने. ठरलेला दिवस ११ एप्रिल होता. पावसामुळे आपलं सैन्यही थांबलं असेल असं समजून अँड्र्यूज एक दिवस थांबला. सैन्य थांबलंच नाही. त्याने ठरल्या दिवशी हंट्सव्हिल घेतलं. परिणामी दुसऱ्या दिवशी तिकडून घाबरलेल्या मालगाड्या या एकेरी रुळावर उलट दिशेने येऊ लागल्या, आणि किंग्स्टन स्टेशनात आपला चोर तासाभराहून अधिक काळ साइडिंगला उभा राहिला. “जनरल ब्युरेगार्डसाठी दारूगोळा घेऊन चाललोय, वाट द्या,” असं तो स्टेशनमास्तरला सांगत होता. समोरून गाडी आली, तिच्यामागे आणखी एक, तिच्यामागे आणखी एक. पूल ओले, जळेनात. साधी पहारही त्यांनी बरोबर आणली नव्हती; ती वाटेतल्या एका गँगकडून मागून घ्यावी लागली.

पटावर या सगळ्याचे मिनिटांत हिशेब मांडलेले असतात. तार तोडायला इतकी, लाकूड-पाणी भरायला इतकी, खोटं बोलायला एक फासा. मित्र अँड्र्यूज झाला होता, मी फुलर. हे खेळ खेळताना मला नेहमी वाटतं, यात लढाई नावालाच असते. खरी असते ती वेळापत्रकाशी झटापट. आधुनिक पटयुद्धाचा जनक मानतात तो बाल्टिमोरचा चार्ल्स रॉबर्ट्स, ज्याने १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ नावाचा पहिला खेळ काढला, तो पुढच्या आयुष्यात रेल्वेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं लिहीत बसला होता. मला यात नवल वाटत नाही. लढाईचं वेड आणि टाइमटेबलाचं वेड एकाच कपाटात राहत असणार. हार्बरवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पहिला डाव संपला (फुलर हरला, पण ते सोडा), आणि पट आवरता आवरता मित्र म्हणाला, “आपली शेणोली का नाही रे कोणी मांडली?”

शेणोली. पुणे–मिरज मार्गावर कराडच्या पुढचं लहानसं स्टेशन. ७ जून १९४३ ला तिथे पगाराची रक्कम घेऊन चाललेली गाडी अडवली गेली. अडवणारे प्रतिसरकारचे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांपैकी. म्होरके कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड. तेव्हा ती लाइन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची होती, मीटर गेजची. मुंबईहून गावी जाणारा गिरणीकामगार पुण्यापर्यंत मोठ्या गाडीने यायचा आणि पुण्याला ट्रंक-वळकटी घेऊन या छोट्या गाडीत चढायचा. लालबाग-परळच्या खोल्यांमधली कितीतरी बिऱ्हाडं याच रुळांवरून आली. मित्राचे वडील त्यातलेच.

आता दोन बेत शेजारी ठेवून बघा. अँड्र्यूजकडे इंजिन हाकू शकणारे लोक, सैन्याचा पाठिंबा, नकाशे, पिस्तुलं. शेणोलीकरांकडे काठ्या, कोयते आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. त्यांनी इंजिन पळवलं नाही. रुळांवर दगड रचले, गाडी थांबली. थांबल्यावर शेवटच्या डब्यामागेही दगड रचले, म्हणजे ती मागेही जाणार नाही. पहाऱ्याला आवरलं, रक्कम उचलली, माणसं पांगली. एवढंच. दगड तर काय, त्या मुलखात मागायला जावं लागत नाही.

७ जून म्हणजे मृगाचा दिवस. जॉर्जियातल्या पावसाने एक बेत बुडवला हे ताजं असल्यामुळे आम्ही दोघांनी एकदमच आकाशाकडे बघितलं, जणू अजून ठरायचं आहे. पण दगडाला पावसाचं काय? पूल पेटवायचा असेल तर कोरडं लाकूड लागतं. धोंडा भिजला तर उलट जडच होतो. शेणोलीच्या बेतातली ही शेतकरी अक्कल मला फार आवडते. ज्याला जे उचलता येतं त्यातूनच बेत केलेला.

मित्राने पाठकोऱ्या कागदावर रेघ ओढली. कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी. बाजूने कृष्णा. रेघ पाच मिनिटांत झाली आणि मग रेघेच्या दोन्ही बाजूंना काय काढायचं यावर आमची दुपार गेली. कारण तो मुलूख एकरंगी नव्हताच. सातारा जिल्हा इंग्रजांचा, पण मधे मधे संस्थानांचे तुकडे: सांगली, मिरज, औंध. कुंडल औंधात. किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला तोही औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर. याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपवला होता. तिथे इंग्रजी पोलिसांचे हात तितके मोकळे नसत. म्हणजे आमच्या पटावर एक षट्कोन ओलांडला की कायदाच बदलतो. अमेरिकन खेळात नदी ओलांडायला एक जास्तीची चाल पडते, टेकडी चढायला दोन. औंधची हद्द ओलांडायला पोलिसांच्या सोंगटीला काय पडावं? मित्र म्हणाला, “पत्रव्यवहार.” आणि त्याने खरंच नियम लिहिला: एक डाव थांबणे.

त्यानंतर आम्ही अडकलो ते पाठलागापाशी. शेणोलीला फुलर नाही. कोणी बशी सारून रुळांवरून धावलं नाही. गाडी अडली, मोकळी झाली, पुढे गेली. थरार म्हणावा तो तेवढ्यात संपला. खरा पाठलाग पुढची तीन वर्षं चालला आणि तो रुळांवरून गेलाच नाही. तो वाड्यावस्त्यांतून, उसाच्या फडांतून, रात्री दार वाजवत गेला. प्रतिसरकारचा कारभार सहाशेच्या आसपास गावांत चालत होता असं सांगतात. न्यायनिवाडे होत, सावकार वठणीवर येत, बिनहुंड्याची, बिनखर्चाची लग्नं लागत. ज्या मुलखाने ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या निःशस्त्र मोर्चात नऊ माणसं गोळीबारात पडलेली पाहिली, त्याने पुढे मोर्चे सोडून हा मार्ग धरला. या कार्यकर्त्यांना भाकरी कुठल्या घरात मिळे, रात्री कुठल्या गोठ्यात झोपत, पोलीस आले की सांगावा कोण नेई, हे सगळं सगळ्यांना ठाऊक, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नाही.

याची सोंगटी कशी करायची?

अँड्र्यूजच्या पटावर रुळांबाहेरचा प्रदेश हिरवा रंगवून सोडून दिला होता, आणि ते योग्यच होतं. त्या हिरव्या भागात त्याचं कोणी नव्हतं. इंजिन बंद पडल्यावर तो रानात पळाला तेव्हा त्या रानातल्या प्रत्येक घराने शिकारी कुत्री सोडली असणार. शेणोलीच्या पटावर मात्र नेमका तोच हिरवा भाग महत्त्वाचा, आणि तिथे मांडायला आमच्याकडे काही नाही. भाकरी देणाऱ्या बाईवर आकडा कोणता छापणार? तिची ताकद किती, चाल किती? ती तर हललीच नाही. तिने फक्त “इथं कोन न्हाय आलं” म्हटलं. मी सुचवलं, पोलिसांनी गावात शिरल्यावर फासा टाकावा, सहा पडले तर गाव बोललं. मित्र माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या आजीला फितूर म्हटलं. “सहा पडले तरी न्हाय,” तो म्हणाला. गोदीत चाळीस वर्षं काढून पुसलेली त्याची कराडकडची बोली अशा वेळी परत येते.

पण मग खेळ कसला? ज्यात फासा काहीही पडला तरी एकच घडतं, त्याला खेळ म्हणत नाहीत. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक गावात न बोलणाऱ्यांच्या शेजारी एखादा बोलणाराही होताच. खबऱ्यांशिवाय का माणसं पकडली गेली? प्रतिसरकारने त्यांना काय शिक्षा दिल्या याच्या गोष्टी आजही चवीने सांगितल्या जातात, तितक्या चवीने त्या ऐकाव्यात का, याबद्दल मला शंका आहे. मी हे बोललो नाही. मित्राची नात शेजारी बसून सोंगट्या रंगवत होती.

गुण कसे मोजायचे, हेही एक त्रांगडं. अमेरिकन खेळात जाळलेल्या पुलाला इतके, तोडलेल्या तारेला इतके. शेणोलीत पैसे मोजावेत असं वाटतं, पण कॅप्टन भाऊ २०२२ साली जवळजवळ शंभरीला टेकून गेले तोवर त्यांचं म्हणणं एकच होतं: आम्ही गाडी लुटली असं म्हणू नका, इंग्रजांनी लोकांचा पैसा नेला होता, तो आम्ही परत आणला. मग आपलीच रक्कम आपल्याला मिळाली याचे गुण कसे द्यायचे? गोदीतल्या हिशेबनिसाला हा प्रश्न आवडला. त्याने गुणांच्या रकान्यात जमा आणि नावे अशा दोन बाजू पाडल्या आणि सुरुवातीची बाकी लोकांच्या नावावर वजा दाखवली. किती वजा, ते लिहिताना त्याचा हात थांबला. “दीडशे वर्षांची बाकी आहे, बघून लिहितो,” म्हणाला.

चहा झाल्यावर दुसऱ्या धाडीकडे विषय वळला. प्रतिसरकारच्या माणसांनी पुढे खानदेशात जाऊन धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवला, साडेपाच लाखांचा. बापू लाड होते, नागनाथअण्णा नायकवडी होते. तारीख १४ एप्रिल १९४४. ही तारीख मी मोठ्याने वाचली आणि मित्राने हातातली पेन्सिल खाली ठेवली. गोदीतल्या माणसाला १४ एप्रिल १९४४ सांगावी लागत नाही. त्या दिवशी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, वर कापसाचे गठ्ठे, आणि सोन्याच्या विटा. जळता कापूस गोदामांवर पडला, किनाऱ्याकडची वस्ती पेटली, अर्ध्या मुंबईला वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकले. सोन्याच्या विटा आकाशातून घरांवर पडल्या. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्याने ती सरकारला परत केली. पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना अधूनमधून एखादी सापडत राहिली.

म्हणजे एकाच दिवशी सरकारचं धन दोन ठिकाणी सरकारच्या हातातून गेलं. तिकडे बेत करून, माणसं पेरून, वाट अडवून; इकडे कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरणाऱ्या कुणाच्या तरी कारकुनीने. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी मला ती दोन ठिकाणं एका नकाशावर बघायला आवडतात. त्या संध्याकाळी घोडपदेवच्या गॅलऱ्यांतून पूर्वेचं लाल आकाश बघत उभ्या असलेल्या, सातारच्या बोलीत हळहळणाऱ्या बायामाणसांना खानदेशातल्या त्या रस्त्याची काही कल्पना नव्हती. त्यांच्यातल्या कुणाचा भाऊ, कुणाचा दीर भूमिगत होता का, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नसतं. मित्राच्या घरात यावर आजही नीट उत्तर मिळत नाही. त्याचे एक चुलते त्या वर्षांत ‘कुठेतरी’ होते. कुठे, ते वडिलांना माहीत होतं असं तो म्हणतो. वडील गेले.

कुंडलच्या बाजूला अजून शोधलं तर सगळं मिळेल, असं मी त्याला म्हणालो. शेणोलीला रुळांजवळ या घटनेचं छोटंसं स्मारक आहे, तिथून सुरुवात करू. तो म्हणाला, जाऊ की. पण त्याचं लक्ष पटाकडे होतं.

पट आता बराच भरला होता. कृष्णा निळी झाली होती, औंध पिवळं, सांगली-मिरज गुलाबी, इंग्रजी मुलूख तांबडा. खेळायला दोन बाजू लागतात, आणि इथे नवाच पेच उभा राहिला. अँड्र्यूज आणि फुलर, दोघंही कुणालातरी व्हावंसे वाटतात; अमेरिकेत दोघांचंही कौतुक झालं, त्यांच्यावर सिनेमे निघाले, बस्टर कीटनने तर गाडी पळवणाऱ्यांना सोडून पाठलाग करणाऱ्यालाच नायक केलं. शेणोलीच्या पटावर इंग्रजांचा फौजदार कोण होणार? मी नाही म्हणालो. मित्र तर कराडचाच. पुठ्ठ्यावरची का होईना, ती टोपी कोणी डोक्यावर घेईना.

“मी होते पोलीस,” नात म्हणाली. तिने ब्रश धुतला, पट स्वतःकडे वळवून घेतला आणि गावांवरून एक बोट फिरवत गेली. “पण आजोबा, आधी मला सांगा, यातल्या कुठल्या गावांत तुमची माणसं लपलीयत?”

“ते तुला कळायचं नाही. तोच तर नियम आहे.”

“पण पोलिसांना कळायला काहीतरी पायजे ना? नाहीतर मी नुसती फिरतच राहणार.”

“तेच केलं त्यांनी,” मित्र म्हणाला.

तिला हे पटलं नाही. तिने चोपडं मागितलं, आणि कोऱ्या पानावर स्वतःच्या बाजूचे नियम लिहायला सुरुवात केली.